दिवाळीनंतरचा हजेरीपट

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला ‘आयटी क्षेत्रातील माझी वाटचाल’ असा विषय दिला होता. तो मी बदलून घेतला. त्या वाटचालीत सांगण्यासारखं फार नाही. सकाळी लॅपटॉप उघडते, रात्री मिटते, मधे मीटिंगा. दुसरं कारण असं, की गेले दोन महिने आपल्या बॅचच्या ग्रुपवर शाळेला काय भेट द्यायची याची चर्चा चालली आहे. स्मार्ट बोर्ड, प्रोजेक्टर, कमान, स्वागतद्वार असं बरंच काही येऊन गेलं. मला वेगळं काही सुचवायचं आहे आणि ते मेसेजमध्ये मावत नाही. म्हणून आज सर्वांना पंधरा मिनिटं बसवून घेणार आहे. जेवण तयार आहे हे मला माहीत आहे, वास इथपर्यंत येतोय.

आपल्या आठवीचा हजेरीपट कार्यालयाच्या लोखंडी कपाटात अजून आहे. सकाळी लिपिक भाऊंनी तो काढून दिला. जून ते ऑक्टोबर पानं भरलेली आहेत. दिवाळीनंतरच्या पानावर मात्र अकरा नावांसमोर गैरहजेरीची सलग ओळ आहे, थेट मार्चपर्यंत. त्या अकरांपैकी दहावीच्या ग्रुप फोटोत चार जण आहेत. त्या चारांतले दोघे आज इथं बसलेत. नावं घेत नाही, त्यांनीच हात वर केला तर गोष्ट वेगळी.

ते कुठं जात होते हे या सभागृहात कुणाला समजावून सांगायला नको. दसरा झाला की मुकादमाचा ट्रक येतो. त्यात भांडी, पत्र्याची पेटी, शेळी, कोंबड्या, पाचटाची कोपी उभी करायला लागणारं सामान, म्हातारी नसेल तर लेकरं, आणि गाडी निघते सांगलीला, कोल्हापूरला, पुण्याला, नाहीतर कर्नाटकात बेळगाव-बागलकोटकडं. बीड जिल्ह्यातून असे काही लाख लोक दरवर्षी जातात. डोंगरपट्ट्यातली, म्हणजे धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, आष्टीकडची काही गावं तर दिवाळीनंतर फक्त म्हाताऱ्यांची होतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. उचल कोयत्यावर मिळते, हिशोब कोयत्यावर होतो, आणि उचल फिटेपर्यंत सुटका नाही. या सगळ्या हिशोबात लेकराला खाना नाही. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला, पेपरात मोठ्या बातम्या आल्या. चांगलंच झालं. पण करार टनाचा असतो. दहा वर्षांची मुलगी दिवसभर कोपीत धाकट्याला सांभाळते तेव्हाच तिची आई फडात उभी राहू शकते, हे काम कुठल्या टनात धरायचं?

आता थोडं लांब जाते, पण परत येते.

मी काही वर्षं कॅलिफोर्नियात सॅन होजेला होते. माझ्या टीममध्ये एक मुलगी होती, ह्मोंग समाजाची. तोवर हे नावही मला ठाऊक नव्हतं. हे लोक लाओसच्या डोंगरातले. व्हिएतनाम युद्धात ते अमेरिकेच्या बाजूनं लढले. १९७५ साली बाजी उलटली आणि त्यांना मेकाँग ओलांडून थायलंडच्या छावण्यांत पळावं लागलं. तिथून हजारो कुटुंबं फ्रेझ्नो आणि मिनेसोटातल्या सेंट पॉल या गावांत आली. डोंगरउतारावर भात पिकवणारी माणसं, त्यांच्या भाषेला लिपीसुद्धा १९५० च्या दशकात मिळालेली. माझ्या सहकारी मुलीचे आजोबा सही म्हणून अंगठा करायचे. ती सात वर्षांची असल्यापासून दवाखान्यात आई-वडिलांची दुभाषी. हे ऐकताना मला मुकादमाच्या चिठ्ठीवरचा टनांचा आकडा बापाला वाचून दाखवणारी आपल्याकडची पोरं आठवली.

तिनं सांगितलेली एक गोष्ट माझ्या कामाशी इतकी जवळची होती की ती डोक्यातून गेलीच नाही. अमेरिकेच्या सरकारी आकड्यांत ‘आशियाई’ असा एकच रकाना. त्यात मी, चिनी डॉक्टरांची मुलं, आणि छावणीतून आलेली कंबोडियाची, लाओसची मुलं, सगळी एकत्र. सरासरी काढली की आशियाई मुलं शिकण्यात सर्वांत पुढं. मग त्यांना मदत कशाला? ह्मोंग पोरं शाळा सोडत होती, पण आकड्यांत ती दिसत नव्हती. त्यांच्यासाठी झटणारे शिक्षक, वकील, कार्यकर्ते, आणि पुढं त्यांच्यातूनच शिकून वर आलेली मुलं यांनी वर्षानुवर्षं एक अगदी रुक्ष मागणी लावून धरली: रकाना फोडा. आम्हाला वेगळं मोजा. २०१६ साली कॅलिफोर्नियानं आरोग्याच्या आकड्यांपुरता तसा कायदा केला. शिक्षणाच्या आकड्यांसाठी भांडण पुढं चालूच राहिलं.

त्याच राज्यातला आणखी एक खटला आहे, १९७४ चा. सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी मुलांना इंग्रजी येत नव्हतं आणि शाळा म्हणत होती, आम्ही सर्वांना तीच पुस्तकं, तेच शिक्षक देतो, भेदभाव कुठाय? सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की मुलाला जे कळतच नाही ते सगळ्यांसारखंच देणं म्हणजे समान वागणूक नव्हे. पुढच्याच वर्षापासून व्हिएतनाम-लाओसची मुलं यायला लागली तेव्हा हा निकाल त्यांच्या शिक्षकांच्या हातात होता.

बागलकोटच्या फडावर गेलेलं आपलं लेकरू शेजारच्या गावातल्या शाळेत गेलं तर फळ्यावर कानडी असतं. त्याच्यासाठी तो परदेशच की! सांगली-साताऱ्यातही ‘बीडची पोरं’ म्हणून वेगळी बसवतात. आपल्याच राज्यात मराठी बोलणारी ही मुलं स्थलांतरित ठरतात.

यावर आपल्या भागात कुणी काही केलंच नाही, असं अजिबात नाही. औरंगाबादच्या ‘जनार्थ’ संस्थेनं २००० नंतरच्या दशकात कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा चालवल्या. बैलगाडीवाल्या टोळ्या कारखान्याजवळच्या तळावर हंगामभर राहतात, तिथं हे जमलं. ट्रक-ट्रॅक्टर भरणाऱ्या टोळ्या मात्र फडामागं फिरतात. आज इथं, पंधरा दिवसांनी दुसऱ्या शिवारात. त्यांच्यामागं शाळा किती पळणार? पुढं १ एप्रिल २०१० पासून शिक्षणहक्क कायदा लागू झाला आणि मुलाला जवळच्या नियमित शाळेतच घालायचं असं धोरण आलं. त्यासाठी शिक्षण हमी पत्रक काढलं. मूल जाताना पत्रक घेऊन जाईल, तिथली शाळा त्याला बसवून घेईल, परत येताना नोंद घेऊन येईल. कल्पना कागदावर उत्तम आहे. माझ्या धंद्यात अशा गोष्टीला आम्ही ‘डिझाइन चांगलं, वापरणारा कुणी विचारात घेतला नाही’ असं म्हणतो. फडापासून शाळा तीन किलोमीटर, रस्ता उसातून, बाप पहाटे चारला फडात गेलेला. पत्रक पेटीतच राहतं.

म्हणून मला तिसरी वाट जास्त पटते: लेकरू गावातच ठेवायचं. हंगामी वसतिगृहं त्यासाठीच आहेत. आई-बाप परगावी असेपर्यंत शाळेत दोन वेळचं जेवण, आणि राहायला आजी नाहीतर शाळेतलीच खोली. शिरूर कासार तालुक्यात आर्वीला दीपक आणि कावेरी नागरगोजे यांनी ‘शांतीवन’ उभं केलं ते याच मुलांपासून सुरुवात करून. गेवराईला संतोष गर्जे यांनी बालग्राम उभारलं, ते स्वतः ऊसतोड कामगाराच्या घरातले. सरकारनंही २०२१ मध्ये संत भगवानबाबांच्या नावानं ४१ तालुक्यांत मुलांची आणि मुलींची मिळून ८२ वसतिगृहं मंजूर केली. मंजूर आणि चालू यांत आपल्याकडं किती अंतर असतं ते तुम्ही जाणता.

मुलींचं वेगळं बोलायला हवं. २०१९ मध्ये ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न देशभर गाजला. मनीषा तोकले यांच्यासारख्या बीडमधल्या कार्यकर्त्या त्यावर आधीपासून बोलत होत्या. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढं आकडा आला: ८२,३०९ बायकांची पाहणी, त्यांत १३,८६१ जणींची शस्त्रक्रिया झालेली. लक्षात घ्या, आधी कुणी मोजलंच नव्हतं. बायका होत्या, दुखणं होतं, खाड्याचा दंड होता, फक्त रकाना नव्हता. आणि या बायकांचं लग्न कधी झालं? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत बीडमध्ये विशीतल्या बायकांपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. वयात आलेली पोर फडावर न्यायची भीती, मागं एकटी ठेवायची भीती. आई-बापाला दोन्हीकडून बाहेर काढणारा रस्ता म्हणजे लग्न. आठवीतल्या त्या अकरा नावांत सात मुली होत्या. फोटोतल्या चारांत एकच.

ती एक कशी राहिली हे मला कळलं ते तिच्याकडूनच. आपल्या एका सरांनी (ते आज पहिल्या रांगेत आहेत आणि त्यांना हे मी बोलू नये असं वाटतंय) दसऱ्याच्या आधी तिच्या घरी तीन चकरा मारल्या. चौथ्या वेळी मुकादमाच्या घरी गेले. आणि हंगामभर ती सरांच्या घरी, सरांच्या मुलींबरोबर जेवली. त्याच वर्षी दोन मुलंही होती. सरांच्या घरातल्या काकूंनी त्या हिवाळ्यात किती भाकऱ्या थापल्या असतील याची नोंद कुठल्याही शासकीय नमुन्यात नाही. तेव्हा ना योजना होती ना अनुदान. आजही आपल्या जिल्ह्यात जिथं हंगामी वसतिगृह नीट चालतं तिथं नीट बघितलं तर मागं असं एखादं माणूस असतंच.

आता मुद्द्यावर येते. आपल्याकडं दोन लाखांच्या वर रक्कम जमली आहे. स्मार्ट बोर्डाला माझा विरोध आहे, आणि मी संगणकवाली असून विरोध आहे, हे नोंदवून घ्या. बोर्ड जूनमध्ये सुरू होईल आणि ज्यांना त्याची सर्वांत जास्त गरज आहे ती मुलं दिवाळीनंतर त्याच्यासमोर नसतील. त्या पैशातून यंदाच्या हंगामापुरतं मुलींसाठी काहीतरी करू. मुख्याध्यापकांशी आणि शाळा व्यवस्थापन समितीशी मी बोलले आहे. जेवण योजनेतून होतं. कमी पडतं ते संध्याकाळी पाचनंतर. मुक्कामाला एक विश्वासाची बाई हवी, गावातलीच, पगार वेळेवर. जुन्या प्रयोगशाळेच्या खोलीला आतून कडी, दिवे, पाण्याची टाकी, नीट संडास. आणि दर रविवारी आई-बापाला फोन. दहा मिनिटं, मुकादमाच्या फोनवर का होईना. पोरीचा आवाज ऐकला नाही की आई जानेवारीतच तिला घेऊन जायला येते, हे बाईंनीच मला सांगितलं.

ग्रुपवर कुणीतरी सुचवलं की मी या मुलांसाठी एक ॲप करून द्यावं. नाही करणार. शिक्षकांच्या फोनमध्ये आधीच इतकी ॲपं आहेत की शिकवायला फोन बाजूला ठेवावा लागतो. त्याऐवजी मी एक वही आणली आहे. पाच रकाने: नाव, मुकादम, कारखाना, कुठल्या गावच्या शिवारात, कधी परतणार. हजेरीपटात फक्त गैरहजर लिहितात, या वहीत ‘कुठं’ ते लिहायचं. म्हणजे मार्चमध्ये कुणाला फोन करायचा ते कळेल. सांगली, कोल्हापूर, पुण्यात आपल्या बॅचचे आठ जण नोकरीला आहेत. जवळचा फड असेल तर एखाद्या रविवारी तिथं जाऊन, तिथल्या शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटून, ते हमी पत्रक पेटीतून बाहेर काढायला लावणं एवढं त्यांना करता येईल. मी पुण्याचा भाग घेते.

कुणाला बोर्डच हवा असेल तर त्यांनी आज बोलावं, नंतर ग्रुपवर नको. जेवण झालं की सातवी ‘अ’च्या खोलीत बसू. मुख्याध्यापक येणार आहेत, वही तिथं टेबलावर आहे. दसऱ्याला सहा आठवडे उरलेत आणि गावात दोन मुकादमांची उचल वाटून झाली आहे.