अर्धवट राहिलेला ड्रॅक्युला

घाबरण्यासाठी पैसे मोजणारी माणसे आपल्याला नवीन नाहीत. जत्रेतल्या 'मौत का कुआँ'समोर आपणही कधीतरी तिकिटाच्या रांगेत उभे राहिलेलो असतो. पण ज्या सिनेमाची भीती केव्हाच ओसरली आहे, ज्यातले भूत कोणत्या दारातून येणार हे तोंडपाठ झाले आहे, तोच सिनेमा पुन्हा पुन्हा विकत घेऊन घरात जपणारी एक जमात इंग्लंडमध्ये आहे. साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या ब्रिटिश भयपटांचे हे संग्राहक. मी कविता लिहिणारा माणूस, चित्रपटांचा अभ्यासक नव्हे. तरी आज याच विषयावर बोलायचे ठरवले, कारण या जमातीतला एक जण माझ्या नात्यातलाच निघाला. त्याच्याकडे वळण्याआधी या सिनेमांची थोडी ओळख करून देतो.

ब्रिटनमध्ये भयपट म्हणजे पाहुण्यांसमोर न आणण्याचा नातेवाईक. १९३२ साली तिथल्या सेन्सॉर मंडळाने अशा चित्रपटांसाठी 'एच' म्हणजे हॉरर असा वेगळा शिक्का काढला आणि महायुद्धात, १९४२ पासून, 'एच' चित्रपटांवर बंदीच घातली. डोक्यावर खरे बाँब पडत असताना खोट्या भुतांची भर कशाला, असा हिशेब असावा. युद्ध संपले त्याच वर्षी, १९४५ मध्ये, ईलिंग स्टुडिओचा 'डेड ऑफ नाइट' आला. त्यात बोलक्या बाहुल्याचे खेळ करणारा एक कलावंत आहे आणि हळूहळू त्याच्यावरच हुकमत गाजवू लागलेला त्याचा बाहुला आहे. पाध्यांचा अर्धवटराव पाहून हसत वाढलेल्या आपल्या पिढीला तो बाहुला जरा जास्तच घाम फोडतो.

१९५१ मध्ये 'एक्स' प्रमाणपत्र आले. सोळा वर्षांखालच्यांना प्रवेश बंद. हॅमर नावाच्या एका छोट्या कंपनीने हा कलंक न मानता जाहिरात मानली. १९५५ च्या 'द क्वाटरमास एक्सपेरिमेंट'च्या नावातले 'एक्सपेरिमेंट'चे पहिले इंग्रजी अक्षर गाळून तिने शब्दाची सुरुवातच 'एक्स'ने केली! मग विंडसरजवळ, थेम्सच्या काठी, ब्रे इथल्या एका जुन्या हवेलीवजा स्टुडिओत १९५७ साली 'द कर्स ऑफ फ्रँकेन्स्टाइन', १९५८ साली 'ड्रॅक्युला', १९५९ साली 'द ममी' असे एकामागून एक चित्रपट तयार झाले. तिन्हींचा दिग्दर्शक टेरेन्स फिशर, तिन्हींत पीटर कुशिंग आणि ख्रिस्तोफर ली. आधीचे गाजलेले अमेरिकन भयपट काळे-पांढरे होते. इथे रक्त लालभडक दिसले. समीक्षकांनी नाके मुरडली, लोकांनी रांगा लावल्या, आणि १९६८ मध्ये याच कंपनीला निर्यातीबद्दल राणीच्या नावाचा उद्योग-पुरस्कार मिळाला.

आता माझ्या खालाचा मुलगा. आम्ही त्याला भाई म्हणतो. चिपळूणला मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकला आणि १९७८ मध्ये आईवडिलांबरोबर लेस्टरला गेला. खालू होजियरीच्या गिरणीत रात्रपाळी करायचे. त्या काळात, म्हणजे १९७५ पासून पुढे काही वर्षे, उन्हाळ्यात शनिवारी रात्री बीबीसी टू या वाहिनीवर लागोपाठ दोन भयपट दाखवायचे. बहुधा आधी एखादा जुना काळा-पांढरा, मग एखादा रंगीत. खाला झोपली की हा आवाज अगदी बारीक करून टीव्हीसमोर बसायचा. इंग्रजी धड कळत नव्हते, पण ड्रॅक्युला कळायला इंग्रजी लागत नाही. १९५८ च्या त्या चित्रपटात ली सुरुवातीला पाहुण्याशी काय चार वाक्ये बोलतो तेवढीच. पुढे अख्ख्या सिनेमात त्याच्या तोंडी शब्द नाही. १९६६ च्या 'ड्रॅक्युला : प्रिन्स ऑफ डार्कनेस'मध्ये तर तो एकदाही बोलत नाही. नव्या मुलखात मुकाट वावरणाऱ्या बारा-तेरा वर्षांच्या पोराला हा मुका, उंच, झगेवाला माणूस जवळचा वाटला असेल, तर मला नवल वाटत नाही. आज इंग्लंडमधले पुष्कळसे संग्राहक त्याच शनिवारच्या रात्रींचे विद्यार्थी आहेत.

मी स्वतः हा ड्रॅक्युला पाहिला तो चिपळूणला, भाड्याने आणलेल्या व्हीसीआरवर. आमची नानी झोपताना आयतुल कुर्सी पढून आम्हा पोरांवर फुंकर घालायची. त्यामुळे शेवटच्या झटापटीत कुशिंगने दोन शमादाने आडवी-उभी धरून क्रूस केला, तेव्हा मोहल्ल्यातल्या पोरांना त्याचा अर्थ कुणी समजावून सांगावा लागला नाही. ती शमादानांची कल्पना खुद्द कुशिंगची. हा नट भुताखेतांच्या गोष्टीत कधीही डोळा मिचकावत नाही. प्रेक्षकाला 'हे सगळे खोटे आहे बरे' असे सुचवत नाही. मला वाटते, या चित्रपटांचे वय झाले तरी ते हास्यास्पद झाले नाहीत, याचे निम्मे श्रेय त्याला आहे.

संग्राहकांना आणखी एक मौज कळलेली असते. हॅमरकडे पैसा बेताचा. उभारलेला सेट मोडण्याआधी त्यावर दुसरा सिनेमा उरकायचा, अशी काटकसर. 'प्रिन्स ऑफ डार्कनेस'चा किल्ला थोडा रंगरंगोटी करून 'रास्पुतिन'मध्ये वापरला. 'द प्लेग ऑफ द झाँबीज' आणि 'द रेप्टाइल' या दोन १९६६ च्या चित्रपटांत गाव एकच. घरी सिनेमा थांबवून, मागे नेऊन पाहणाऱ्याला तोच जिना, तोच दरवाजा ओळखू येतो. थिएटरमध्ये एकदाच पाहणाऱ्याच्या हे लक्षातही येत नाही. १९५९ च्या 'द स्ट्रँगलर्स ऑफ बॉम्बे'मध्ये तर हॅमरने आपली ठगांच्या काळातली मुंबईसुद्धा त्या ब्रेमध्येच उभी केली. गोरे नट काळे रंग फासून ठग झालेत. भाई तो लावतो आणि मला म्हणतो, "बघ, आपलं गाव थेम्सवर."

पण या जमातीचे खरे वेड पाहायचे असेल तर तुटलेल्या भागांविषयी विचारावे. हे सिनेमे जन्मतःच कापले गेले. आधी सेन्सॉरने कापले, मग वितरकाने लांबी बसवायला कापले. घरी पाहण्याच्या आठ मिलिमीटर फिल्मवर तर अख्खा सिनेमा दोनशे फुटांच्या रिळात, म्हणजे दहा मिनिटांत, कोंबलेला असे. नंतर व्हिडिओ कॅसेट आली, तिने पडद्याच्या डाव्या-उजव्या कडा खाल्ल्या. तिथल्या टीव्हीवर आणि डीव्हीडीवर सेकंदाला चोवीसऐवजी पंचवीस चौकटी धावत, त्यामुळे सिनेमा शेकडा चारने लवकर संपायचा आणि लीचा तो भारदस्त आवाजही किंचित चढा लागायचा. मूळ रिळांचे हाल वेगळेच. त्या काळातल्या पुष्कळ प्रतींचा रंग विटून सगळे गुलाबी होते आणि अ‍ॅसिटेट फिल्म कुजू लागली की डबा उघडताच सिरक्याचा वास येतो.

'ड्रॅक्युला'चा शेवट असाच अर्धवट होता. कुशिंग टेबलावरून धावत जाऊन पडदे ओरबाडतो, ऊन आत येते आणि ड्रॅक्युलाची राख होते. या प्रसंगातले एक छायाचित्र जुन्या मासिकांत छापले गेले होते. त्यात ली स्वतःच्या चेहऱ्याची कातडी बोटांनी सोलतो आहे. सिनेमात मात्र ते कुठेच नव्हते. जपानला पाठवलेल्या प्रतीत ते आहे, अशी दंतकथा संग्राहकांत वर्षानुवर्षे फिरत होती. २००७ मध्ये ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने चित्रपटाचा जीर्णोद्धार केला, तरी तो तुकडा हाती लागला नाही. शेवटी २०११ मध्ये टोकियोत राहणाऱ्या एका इंग्रज चाहत्याने तिथल्या राष्ट्रीय चित्रपट केंद्रात चौकशी केली. नऊ रिळे होती. १९८४ च्या आगीत पहिली पाच गेली, पण शेवटची चार शाबूत. आणि त्यात ती बोटे, तो चेहरा, तसेच नायिकेकडे ड्रॅक्युला झुकतो त्या प्रसंगाचा गाळलेला भाग, सगळे होते! मार्च २०१३ मध्ये हे तुकडे जोडलेला सिनेमा ब्लू-रे तबकडीवर आला. सोबत ती चार जपानी रिळेही, होती तशीच, ओरखड्यांसकट.

२०१४ मध्ये एका लग्नासाठी मी लेस्टरला गेलो होतो. जेवणे आटोपल्यावर भाईने ती तबकडी लावली आणि नेमक्या जागी थांबवली. "हे बघ. हे पस्तीस वर्षं फक्त फोटोत होतं." खरे सांगायचे तर काही सेकंदांचा मामला. रंग आणि मेण. आजच्या पोरांना हसू येईल. पण माझ्या एका कवितेच्या शेवटच्या दोन ओळी एका मासिकाने जागेअभावी गाळल्या होत्या आणि ती तशीच पुढे दोन संग्रहांत उचलली गेली, त्याची मला त्या रात्री आठवण झाली. ज्याने ती कविता पुरी वाचलीच नाही, त्याला त्या ओळींची उणीव कशी भासणार? भाईसारख्यांना भासली, म्हणून कुणीतरी टोकियोत जाऊन दार ठोठावले.

भाभींचे म्हणणे वेगळे. "एकच पिक्चर हा माणूस पाचव्यांदा विकत घेतो, आणि कपाट मागितलं की जागा नाही म्हणतो." भाभींशी वाद घालणे कठीण आहे. कारण २०१३ च्या तबकडीत प्रसंग आहेत, पण रंग फार निळसर आणि काळोखे झाले अशी चाहत्यांची तक्रार. २०१८ मध्ये अमेरिकेत निघालेल्या तबकडीचे रंग त्यांना पटले, तर तिच्यात जपानी तुकडे नाहीत. म्हणजे दोन्ही घेणे आले. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये 'नाइट ऑफ द डेमन' या १९५७ च्या चित्रपटाचा संच निघाला, त्यात एकाच सिनेमाच्या चार आवृत्त्या आहेत; काही ९६ मिनिटांच्या, काही ८२ मिनिटांच्या. चारही पाहिल्यास का, असे विचारल्यावर भाई रागावला. "पाहिल्यास का काय विचारतोस? नोंदी केल्यात."

अशा हरवण्या-सापडण्याच्या कथा या मंडळींना पाठ असतात. इंग्लंडात जन्मून हॉलिवूडमध्ये नाव काढलेला बोरिस कार्लोफ १९३३ मध्ये मायदेशी येऊन 'द गूल' करून गेला. तो सिनेमा गेलाच असे धरून सगळे चालले होते. १९६९ मध्ये चेकोस्लोव्हाकियात एक अंधूक प्रत मिळाली आणि १९८० नंतर शेपर्टन स्टुडिओत, लाकडे रचून दार बुजलेल्या एका तळघरवजा खोलीत, त्याची मूळ निगेटिव्ह चांगल्या स्थितीत सापडली. १९७३ च्या 'द विकर मॅन'ची मूळ निगेटिव्ह मात्र मिळाली नाही. ती मोटरवेच्या भरावात गाडली गेली, अशी आख्यायिका आहे. वितरणाचा अंदाज घेण्यासाठी अमेरिकेत रॉजर कॉर्मनकडे पाठवलेली एक लांब प्रत होती, म्हणून कापलेले बरेचसे परत आले. २०१३ मध्ये चाहत्यांना आवाहन केल्यावर हार्वर्डच्या संग्रहातून आणखी एक प्रत पुढे आली.

हे ऐकताना मला आपले आठवत होते. १९३१ चा 'आलम आरा' आपला पहिला बोलपट; त्याची एकही प्रत आज नाही. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये सुरू झाले, तोवर पुष्कळ काही गेले होते. २००३ मध्ये पुण्यात नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली, त्यात आणखी गेले. भाईच्या कपाटात हॅमरच्या शेजारी रामसे बंधूंचे 'पुराना मंदिर' आणि 'बंद दरवाजा' आहेत. 'बंद दरवाजा'तला तो झगेवाला थेट ब्रेचा वारस आहे. या डीव्हीडी आपल्याकडच्या नव्हेत. परदेशातल्या एका छोट्या कंपनीने त्या काढल्या. आपण मात्र रामसेपटांना हसलो, आणि ज्याला हसतो ते जपायचे असते हे आपल्या मनात येत नाही.

भाई आता साठीला टेकला आहे. मुले सिनेमे फोनवर पाहतात. आज आहे तो उद्या तिथे नसतो, याचे त्यांना काही वाटत नाही. तबकड्यांना गिऱ्हाईक मिळेल, त्याची भाईला चिंता नाही. चिंता आहे ती वह्यांची. कोणत्या प्रतीत किती मिनिटे, कुठला प्रसंग कमी, कुठे रंग विटलेला, कुठल्या सिनेमातला जिना कुठे दिसतो, हे सारे त्याने गेल्या चाळीस वर्षांत अकरा वह्यांत लिहून ठेवले आहे. आणि लिहिले आहे मराठीत, सातवीतल्या त्या गोल, सुटसुटीत अक्षरात, कारण स्वतःपुरते लिहायची वेळ आली की त्याला तीच भाषा येते. त्याच्या घरात ती वाचणारे आता कुणी नाही. भाभी गुजराती, मुलांना देवनागरी येत नाही.

गेल्या वर्षी त्याने पहिल्या तीन वह्यांची पाने फोटो काढून मला पाठवली. दोन मी उतरवून काढल्या आहेत. तिसरी चालू आहे. ती 'द ममी'ची आहे, आणि तिच्यात एका पानावर चहाचा डाग पडून चार ओळी पुसल्या आहेत. त्या काय होत्या ते विचारायला रविवारी फोन करणार आहे.