बर्फावरचा राखणदार



हॉकी म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें हिरवें मैदान आणि ध्यानचंदांची करामत उभी राहते. कॅनडांत मात्र हॉकी म्हणजे गोठलेला बर्फ, पायांत पोलादी पात्यांचे बूट आणि चेंडूऐवजीं रबराची चपटी चकती. प्रत्येक बाजूस सहा गडी: एक गोलरक्षक, तीन चढाई करणारे व दोन बचावाचे. अशाच एका बचावाच्या गड्याची, डग हार्वेची, हकीकत आज सांगावयाची आहे.

हार्वेचा जन्म १९२४ सालीं माँट्रियल शहरीं झाला. १९४७ पासून १९६१ पर्यंत तो तेथल्याच 'कॅनेडियन्स' संघांतून खेळला. बचावाच्या गड्यानें चकती काठीशीं येतांच ती दूर भिरकावून द्यावी, अशी रीत होती. हार्वे तसें करीत नसे. प्रतिपक्षाचे गडी अंगावर धांवून येत असतांही तो स्वतःच्या गोलापुढें ती शांतपणें खेळवीत राही. ते पुढें ओढले गेले व वाट मोकळी झाली कीं नेमक्या सोबत्याकडे ती पोंचती करी. खेळ जलद चालावा कीं मंद, हें जणूं तोच ठरवी. लीगच्या १,११३ सामन्यांत त्याचे स्वतःचे गोल अवघे ८८. परंतु सोबत्यांच्या ४५२ गोलांस त्याचा हातभार लागला.

त्याच्या काळांत संघानें सहा वेळां स्टॅन्ले चषक जिंकला. त्यांपैकीं १९५६ ते १९६० असा पांच वेळां लागोपाठ. नियमभंगाबद्दल प्रतिपक्षाचा गडी दोन मिनिटें बाहेर बसला म्हणजे हा संघ तेवढ्या अवकाशांत दोन-तीन गोलही करी. अखेर १९५६ सालीं लीगला नियमच बदलावा लागला: एक गोल होतांच बाहेरच्या गड्यानें परत यावें! उत्कृष्ट बचावाचें नॉरिस पारितोषिक हार्वेस सात वेळां मिळालें.

परंतु त्याची राखणदारी बर्फापुरतीच नव्हती. खेळाडूंच्या पेन्शनच्या फंडाचा हिशेब मालक नीट दाखवीत नसत. म्हणून १९५७ सालीं टेड लिंडसे याच्या पुढाकारानें खेळाडूंनीं संघटना काढली, तींत हार्वे अग्रभागीं होता. ज्याचें आसन सर्वांत स्थिर, त्यानेंच तें पणास लावलें. मालकांनीं संघटना मोडून काढली. लिंडसेची रवानगी त्याच वर्षीं शिकागोस झाली. हार्वेची पाळी १९६१ सालीं आली. सहावें नॉरिस नुकतेंच पदरीं पडलें असतां त्याला न्यूयॉर्कच्या संघाकडे धाडण्यांत आलें. हें संघटनेबद्दलचें प्रायश्चित्त, अशीच त्याची समजूत होती. तेथें खेळाडू व संघाचा गुरु अशी दुहेरी जबाबदारी वाहून त्यानें पहिल्याच वर्षीं सातवें नॉरिस मिळविलें.

उत्तरायुष्य सुखाचें गेलें नाहीं. मद्यानें त्याला ग्रासलें. कांहीं काळ तर तो रेल्वेच्या एका जुन्या डब्यांत राहिला. १९८५ सालीं माँट्रियलच्या संघानें त्याचा २ हा अंक पुन्हां कोणास न देण्याचें ठरवून त्याचा गौरव केला, आणि १९८९ च्या डिसेंबरांत तो निवर्तला. खेळाडूंची संघटना मात्र १९६७ सालीं पुन्हां उभी राहिली, ती आजही आहे.

बक्षीस-समारंभांत नांव पुकारलें जातें तें गोल करणाऱ्याचें, हें मीं शिक्षकाच्या पेशांत पुष्कळ वर्षें पाहिलें. जे गोल कोणीं होऊंच दिले नाहींत, त्यांची नोंद कोणत्या वहींत व्हावयाची? आपल्या घरांत, कचेरींत, गांवांत अशीं माणसें असतात. तीं हयात आहेत तोंवर त्यांची वास्तपुस्त घ्यावी, एवढेंच आपणांस सांगणें.