नोकरी सांभाळून पदवी : ३,६०० तासांचा हिशेब

(लोणी काळभोर येथे नोकरदारांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



आपल्या लोणी काळभोरमध्ये एकीकडे तेल कंपन्यांची आगारे आहेत, तर दुसरीकडे राजबाग परिसरात खासगी विद्यापीठ उभे आहे. विद्यापीठ दाराशी आले. तथापि पाळीवर जाणाऱ्या माणसाला दिवसा वर्गात बसता येतेच असे नाही. म्हणूनच पस्तिशी-चाळिशीतील अनेक जण विचारतात, "आता पदवी घेऊन काय उपयोग?" हा प्रश्न निराशेचा नाही, हिशेबाचा आहे. त्याचे उत्तरही हिशेबानेच दिले पाहिजे.

नोकरी करीत शिकण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. पुणे विद्यापीठाच्या बहिःस्थ परीक्षा देऊन कितीतरी कारकून आणि शिक्षक पदवीधर झाले. १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. प्रा. राम ताकवले हे त्याचे पहिले कुलगुरू. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे ब्रीद घेऊन या विद्यापीठाने स्वयंअध्ययनाची पुस्तके आणि गावोगावची अभ्यासकेंद्रे यांच्या आधारे, शिक्षण अर्धवट राहिलेल्यांना पुन्हा विद्यार्थी होण्याची संधी दिली.

परंतु संधी आहे एवढ्यावरून ती प्रत्येकाने घ्यावीच असे नाही. पहिला प्रश्न असा की, ही पदवी नेमके कोणते दार उघडणार आहे? राज्यसेवा परीक्षेला बसायचे तर पदवी अनिवार्य आहे. पदविका घेऊन लागलेल्या प्राथमिक शिक्षकाला 'पदवीधर शिक्षक' होण्यासाठीही ती लागते. अशा ठिकाणी विलंब करू नये. याउलट, विजेची कामे करणाऱ्या कारागिराला कला शाखेच्या पदवीपेक्षा तारतंत्री परवाना अधिक उपयोगी पडेल. त्यात कमीपणा काहीच नाही. कौशल्याला पदवीपेक्षा हलके मानण्याची सवय आपल्या मध्यमवर्गाने सोडलीच पाहिजे.

दुसरा प्रश्न मान्यतेचा. विद्यापीठ अनुदान आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले की, मान्यताप्राप्त दूरस्थ वा ऑनलाइन पदवी ही नियमित पदवीशी समकक्ष आहे. येथे 'मान्यताप्राप्त' हा शब्द महत्त्वाचा. अभियांत्रिकीची पदवी दूरस्थ पद्धतीने मान्य नाही. 'सहा महिन्यांत पदवी' अशी जाहिरात दिसली तर पैसे खिशातच ठेवावेत. शुल्क भरण्यापूर्वी संस्था आणि अभ्यासक्रम ही दोन्ही नावे आयोगाच्या यादीत स्वतः पाहावीत.

तिसरा प्रश्न सर्वांत कठीण, कारण त्याचे उत्तर एकट्याने देता येत नाही. तीन वर्षांची पदवी किमान १२० श्रेयांकांची असते. दूरस्थ शिक्षणात एका श्रेयांकासाठी ३० तासांचे अध्ययन धरलेले आहे. म्हणजे एकूण ३,६०० तास; वर्षाला १,२०० आणि दिवसाला सुमारे सव्वातीन. हे तास येणार कोठून? ते झोपेतून येतील, मुलांच्या अभ्यासातून येतील, वृद्ध आई-वडिलांशी होणाऱ्या बोलण्यातून येतील. म्हणून प्रवेशअर्ज एकाच्या नावाचा असला तरी संकल्प सगळ्या घराचा असावा लागतो.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. घरातील पुरुष परीक्षेला बसतो तेव्हा सगळे घर आवाज खाली आणते. सून परीक्षेला बसते तेव्हा मात्र "स्वयंपाक आटोपून काय तो अभ्यास कर" असे म्हटले जाते. कुटुंब ही संस्कारांची पहिली शाळा आहे असे आपण म्हणतो. मग त्या शाळेने सुनेच्या सव्वातीन तासांचीही तेवढीच राखण केली पाहिजे.

एका दमात तीन वर्षे जमणार नसतील, तरीही निराश होण्याचे कारण नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका आणि तिसऱ्या वर्षी पदवी अशा पायऱ्या सांगितल्या आहेत. २०२१ पासून श्रेयांक साठवून ठेवण्याची व्यवस्थाही आली आहे.

तेव्हा माझी विनंती एवढीच. अर्ज भरण्यापूर्वी घरातील सर्वांना एकत्र बसवा. दार कोणते, मान्यता कोणाची आणि तास कोणाचे, या तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहा. ती मिळाली तर वयाकडे पाहू नका, निःशंकपणे प्रवेश घ्या. आणि घरातील एखाद्याने प्रवेश घेतला असेल, तर आजपासून त्याच्या किंवा तिच्या वाट्याचे एक काम आपल्याकडे घ्या.