यमाईच्या गावी आपले स्वागत

मंचावरील मान्यवर, सातारा-सांगलीहून आणि दूरदूरून आलेले डॉक्टर, प्राध्यापक, शिक्षक आणि विद्यार्थी मित्रहो,

यमाई देवीच्या डोंगराच्या पायथ्याशी, औंधात, आपणा सर्वांचे स्वागत. चिनी व्यायाम आणि विद्यार्थ्यांचे मन हा परिषदेचा विषय. त्यातले मला फारसे कळत नाही. काल सरावात बादुआनजिनच्या आठ हालचाली पाहिल्या. श्वासाबरोबर हात सावकाश वर, सावकाश खाली. पाहता पाहता औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी आठवले, आणि ते आठवले की माझे बोलणे लांबते. सांभाळून घ्यावे.

1909 पासून संस्थान विलीन होईपर्यंत ते गादीवर होते. बहात्तर गावांचे संस्थान, तेही तुकड्यातुकड्यांचे. आटपाडी, कुंडल आज सांगली जिल्ह्यात आहेत. म्हणजे सांगलीकर पाहुणे घरचेच! कुंडलजवळच्या माळावर 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांना जागा दिली ती यांनीच. चित्रे काढीत, कीर्तन करीत. भांडारकर संस्थेच्या महाभारताला मदत केली, संग्रहालय उभारले, 1939 साली गांधीजींच्या सल्ल्याने कारभार प्रजेच्या हाती दिला. पण खरे वेड सूर्यनमस्कारांचे. स्वतः घालीत, राणीसाहेब घालीत आणि शाळेतल्या मुलामुलींनाही घालावे लागत. दहा अवस्था, श्वासाचा नियम, जोडीला बीजमंत्र. 1938 साली त्यावरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक लंडनला निघाले.

त्याने मुलांच्या मनाला काय लाभले, हे तुम्ही मंडळींनी सांगायचे. गावातली जुनी माणसे नमस्कारांचे गुण गात, पण ते चुकवण्याच्या युक्त्याही तितक्याच रंगवून सांगत. सक्तीच्या व्यायामाने परीक्षेची धास्ती उतरते की आणखी एक धास्ती वाढते, तेवढे या दोन दिवसांत बघा.

आता माफी. औंधात मोठी हॉटेले नाहीत. एकेका खोलीत तिघेतिघे आहात, गरम पाणी पहाटे पाच ते सातच मिळेल, माईक मधूनच घरघरतो. काल शेवटच्या एसटीने आलेल्यांना गार आमटी वाढावी लागली, याची मनाला फार टोचणी आहे.

ज्वारी देणारे शेतकरी, भाकऱ्या थापणाऱ्या आयाबहिणी, गाद्या वाहणारी पोरे, मंडपाचे भाडे न घेणारे मंडपवाले, आणि परमुलखात सोने गाळत असूनही गावच्या कार्याला कधी नाही न म्हणणारे आमचे गलाई बांधव, सर्वांचे आभार. कोणाचे राहिले असेल तर ते रात्री माझ्या घरी येऊन भांडतीलच.

उद्या संग्रहालयाला येणाऱ्यांनी जेवणाआधी नावे द्यावीत. जीप दोनच आहेत.