सोनपेठच्या खिडकीतून परदेश

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ साली विद्यापीठांना आंतरराष्ट्रीय व्यवहारांचं कार्यालय उघडायला सुचवलं. पाटी लावणं सोपं. त्या खुर्चीत बसणारा माणूस तयार करणं अवघड. १८० दिवसांहून जास्त मुदतीच्या व्हिसावर आलेल्या विद्यार्थ्याची नोंदणी १४ दिवसांत व्हावी लागते, तीही ऑनलाइन. असे नियम पडद्यावर, सवडीने शिकावेत. त्यासाठी सोनपेठच्या महाविद्यालयातल्या कारकुनाने नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात हेलपाटे का घालावेत? पण बावरलेल्या परक्या मुलाशी बोलणं, परदेशी विद्यापीठाशी होणाऱ्या करारातली अडचणीची ओळ हेरणं, हे समोरासमोर बसून, चुकतमाकतच येतं. म्हणून आधी पडदा, मग प्रत्यक्ष सराव.

कोणी म्हणेल, सोनपेठला परदेशी विद्यार्थी येतो कुठे? न येवो. इथली मुलगी जर्मनीला अर्ज करते, तेव्हा गुणपत्रकावरचं आणि पासपोर्टवरचं नाव जुळतं का, हे महाविद्यालयाच्या खिडकीवरच आधी पाहायला हवं. मध्ये वडिलांचं नाव लिहायची आपली रीत तिकडच्या अर्जात चांगलाच गोंधळ घालू शकते! राहिला नेटवर्कचा आक्षेप. तो खराच आहे. म्हणून धडे आधी उतरवून ठेवता येतील असे असावेत, आणि प्रत्यक्ष वर्ग परीक्षांच्या धामधुमीत ठेवू नयेत.