वक्र भिंतीचा हिशेब

पाण्याची गोल टाकी, देवळाच्या सभामंडपावरचा घुमट, वीज केंद्रातले उंच कूलिंग टॉवर, ही सगळी कवचं. अंड्याच्या कवचासारखीच. जाडी थोडी, ताकद आकारातून आलेली. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. अशा कवचांचे हिशेब आता आम्ही संगणकावर करतो. ते कसे होतात, हे सर्वांनीच जाणून घेण्यासारखं आहे.

पुष्कळशा सॉफ्टवेअरमध्ये वक्र भिंतीचे लहान सपाट तुकडे पाडतात आणि ते कोपऱ्यांना जोडतात. या तुकड्यांना आम्ही ‘जाळं’ म्हणतो. समजा, टाकीची त्रिज्या ५ मीटर आहे. तिच्या गोलाईचे ८ तुकडे केले, तर प्रत्येक तुकड्याचा मध्य खऱ्या भिंतीच्या ३८ सेंटिमीटर आत जातो. ३६ तुकडे केले, तर हाच फरक २ सेंटिमीटरहून कमी होतो.

पण नुसती गोलाई जुळून भागत नाही. पाणी भरलं की भिंत बाहेर फुगू पाहते, आणि तळाशी तर ती जखडलेली असते. म्हणून तिथे ती वाकते. हे वाकणं किती उंचीत आहे, याचा अंदाज सोपा आहे: त्रिज्येला जाडीनं गुणा आणि वर्गमूळ काढा. ५ मीटर त्रिज्या, २० सेंटिमीटर जाडी, म्हणजे साधारण १ मीटर. तिथे मीटरभर उंचीचा एकच तुकडा ठेवला, तर वाकणं त्यात हरवून जातं. पडद्यावरचं रंगीत चित्र मात्र देखणंच दिसतं!

याची किंमत नॉर्वेनं मोजली. २३ ऑगस्ट १९९१ रोजी स्टाव्हांगरजवळच्या खाडीत ‘स्लाइप्नर ए’ या तेल-वायू प्लॅटफॉर्मचा काँक्रीटचा अवाढव्य पाया चाचणीसाठी पाण्यात खाली उतरवत होते. त्यात २४ कप्पे होते. गोल भिंती जिथे एकमेकींना भिडतात, तिथल्या त्रिकोणी पोकळीची भिंत फुटली आणि सगळा पाया तळाला गेला. सुदैवानं जीवितहानी झाली नाही; नुकसान सुमारे ७० कोटी डॉलरचं झालं. चौकशीत दिसलं, की नेमक्या त्या जागी संगणकातलं जाळं ढोबळ होतं. भिंतीला कातरू पाहणारं बल त्यामुळे सुमारे ४७ टक्क्यांनी कमी धरलं गेलं. शिवाय तिथल्या सळ्याही पुरेशा खोलवर रुतवलेल्या नव्हत्या. नंतर बारीक जाळं घेऊन हिशेब केला, तेव्हा भिंत ६२ मीटर खोलीवर फुटेल असं निघालं. प्रत्यक्षात ती सुमारे ६५ मीटरवर फुटली होती. म्हणजे संगणकाला उत्तर येत होतं, प्रश्न नीट विचारला गेला नव्हता.

म्हणून मी माझ्याकडच्या तरुण इंजिनिअरना तीन कामं सांगतो. तुकडे निम्म्या मापाचे करा आणि उत्तर बदलतं का ते पाहा. आधारांवर आलेली बेरीज एकूण वजनाइतकी आहे का ते तपासा. आणि एक आकडा हातानं काढा. टाकीत ४ मीटर पाणी असेल, तर तळाशी दर चौरस मीटरला ४ टनांचा दाब. गुणिले त्रिज्या ५. भिंत तळाशी मोकळी सरकत असेल, तर तिथे मीटरभर उंचीच्या कड्याला २० टनांची ओढ बसेल. तळ मोकळा ठेवून संगणकानं ७ टन दाखवले, तर चूक शोधायला लागायचं!

तुमच्या सोसायटीची टाकी बांधायची असेल आणि कुणी रंगीत कागदांची चळत पुढे ठेवली, तर संकोच न करता विचारा, ‘साहेब, हातानं केलेला हिशेब कुठे आहे?’ चांगला इंजिनिअर या प्रश्नानं रागावणार नाही. तो कागद पुढे करील.