किरण नावाची माणसं



लोअर परळला डिलाईल रोडवर, म्हणजे ना. म. जोशी मार्गावर, बीडीडी चाळींतल्या गिरणी कामगारांच्या जुन्या पिढीची नावं आठवा. गंगाराम, तुळशीराम, सखाराम. आणि गंगाबाई, तुळसाबाई, सखूबाई. मूळ शब्द तोच. राम लागला की पुरुष, बाई लागलं की स्त्री. साचेखात्यातला गंगाराम कोण आणि वाइंडिंगमधली गंगाबाई कोण, हे गिरणीच्या मस्टरला विचारावं लागत नसे. पुढच्या पिढ्यांनी ही शेपटं गाळली आणि दोघांनाही चालणारी सुटी नावं घरात आली. त्यांतलं माझं सर्वांत आवडतं नाव किरण.

संस्कृतात ‘कॄ’ म्हणजे विखुरणं, उधळणं. ऋग्वेदात किरण हा शब्द बारीक धुळीसाठीही आला आहे; आपण ओळखतो तो उजेडाचा किरण. मराठीत तो पुल्लिंगी, हिंदीत मात्र स्त्रीलिंगी. मला वाटतं, त्यामुळेच उत्तरेत हे नाव मुलींकडे अधिक गेलं. १९७२ साली भारतीय पोलीस सेवेत आलेल्या पहिल्या महिला किरण बेदी अमृतसरच्या. दक्षिणेत आंध्रचे मुख्यमंत्री झाले ते किरणकुमार रेड्डी. महाराष्ट्र या दोहोंच्या मधोमध, म्हणून आपल्याकडे किरणदादाही असतो आणि किरणताईही.

परळमध्येच व्ही. शांताराम यांनी १९४२ साली राजकमल कलामंदिर सुरू केलं. त्यांचे चिरंजीव किरण शांताराम पुढे मुंबईचे नगरपाल झाले. ‘सात सक्कं त्रेचाळीस’चे लेखक किरण नगरकर मुंबईचेच. दोघांनाही चालणारी अशी आणखीही नावं आहेत. सुहास शिरवळकर कादंबरीकार, सुहास जोशी अभिनेत्री. शिरीष कणेकर लेखक, तर शिरीष पै कवयित्री, आचार्य अत्र्यांच्या कन्या. नाव एक असूनही यांतल्या कुणाचंच काही अडलं नाही.

अडतं ते मराठी वाक्याचं. ‘किरण आला’ की ‘किरण आली’, हे क्रियापदाला ठरवावंच लागतं. मधलं नावही मदतीला येत नाही, कारण वडिलांचं नाव मुलगा लावतो तसं मुलगीही लावते. मग कचेरीत कुणीतरी अंदाजानं ‘श्री.’ लिहून मोकळं होतं, आणि चूक दुरुस्त करायला खेटे घालायचे ते किरणताईंनी. जन्माच्या वेळी नोंदलेलं लिंग ज्यांना आपलं वाटत नाही, अशा माणसांना मात्र हे नाव फार सोयीचं. आयुष्य बदललं तरी नाव तेच ठेवता येतं. या नावाचा हा मोठेपणा मला फार मोलाचा वाटतो.

हल्ली बारशाला हे नाव पूर्वीसारखं कानावर पडत नाही. ज्यांच्या घरी पाळणा हलणार आहे, त्यांनी ते यादीत जरूर घ्यावं. आणि टेबलापलीकडे बसणाऱ्यांना विनंती, अर्जावर किरण दिसलं तर अंदाज बांधू नका. सरळ विचारा.